चेनवाल्याने भरलेली बॅग

एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान होतं. आत एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि वर खिळ्यांना लटकलेल्या बॅगा. उंच गिऱ्हाईक असेल तर त्याला वाकूनच बोलावं लागे. बॅगांचे पट्टे, चाकं, अस्तर असं सगळंच तो दुरुस्त करायचा, पण लोक त्याला चेनवालाच म्हणत. एकतीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्याच्या उजव्या अंगठ्यावर पकडीचा घट्टा पडला होता आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

समुद्र तिथून गाडीने तीन तासांवर. तो कधी गेला नव्हता. कारण असं खास काहीच नाही. रविवारी लोक समुद्रावर जात आणि रविवारीच दुकानात रीघ लागे. बायको लाँड्रीत इस्त्री करायची, तिला सुट्टी बुधवारी. जमेल तेव्हा जाऊ म्हणता म्हणता राहूनच गेलं.

पण समुद्रावरून आलेली बॅग त्याला बोट लावल्याबरोबर कळायची. मिठाने चेनीचा रनर धरून ठेवलेला असे, तिच्या दातांवर पांढरट कीट साचलेलं असे. बॅग उलटी करून झटकली की चिमूट-दोन चिमटी वाळू हमखास पडे. सोबत गिऱ्हाईक काढायला विसरलेलं काहीबाही. ते तो कागदाच्या पुडीत बांधून पट्ट्याला अडकवून द्यायचा. विचारायचा मात्र कधीच नाही. बॅग दुरुस्त करायची, तिच्या पोटात काय आहे ते विचारायचं नाही, हे त्याने पहिल्या दिवशीच स्वतःला बजावलं होतं.

त्यामुळे डोक्यात किडा वळवळत राही. पावडरीचा डबा समुद्रावर कशाला? आणि एकच मोजा? तोही वाळूने गच्च भरून गाठ मारलेला! एकदा सापडला तेव्हा त्याला पोरांचा चावटपणा वाटला. पण दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या बॅगेत तसाच मोजा निघाला. आणखी एक कोडं म्हणजे मेणबत्तीचं थोटूक. दिवसाढवळ्या, भर उन्हात मेणबत्ती!

"केक कापत असतील," बायको म्हणायची.

"वाऱ्यात पेटेल का ती?"

"मग जाऊन विचारा ना त्यांना. मला कशाला झोपेतून उठवताय?"

त्या वर्षी अक्काचा गुडघा बदलला. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, नवरा गेल्यापासून ह्यांच्याकडेच राहायची. ऑपरेशननंतर तीन महिने घरात बसून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. डॉक्टरांनी आता फिरा म्हटल्यावर तिने भाचीला, म्हणजे चेनवाल्याच्या मुलीला फर्मावलं, "मला समुद्रावर ने." मुलीला एका मैत्रिणीची गाडी बुधवारपुरती मिळाली. तेवढ्यासाठी चेनवाल्याने चक्क बुधवारी दुकान बंद ठेवलं.

"बॅग मी भरणार," त्याने जाहीर केलं.

बायकोने भुवया उंचावल्या. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा हाताळणाऱ्या ह्या माणसाने स्वतःच्या घरची बॅग कधीच भरली नव्हती. लग्नाला जायचं असलं तरी त्याचा रुमाल तीच ठेवायची.

मंगळवारी संध्याकाळी त्याने पलंगावर सगळं मांडलं. टॉवेल, टोप्या, कपड्यांचे जादा जोड, पाण्याच्या बाटल्या, जुनी चादर, अक्काच्या गोळ्या, ओले कपडे आणायला प्लास्टिकची पिशवी. इथवर बायको मान डोलावत होती. मग त्याने चार जुने मोजे ठेवले. चारही वेगवेगळ्या जोड्यांतले. त्यावर पावडरीचा डबा. त्यावर मेणबत्तीचं थोटूक.

"हे कशासाठी?"

"माहीत नाही."

"माहीत नाही आणि घेताय?"

"अगं, इतकी माणसं नेतात ती काय खुळी आहेत? तिथे गेल्यावर कळेल."

अक्का दारातून बघत होती. "घे रे. मी ऑफिसबरोबर एकदा गेले होते तर आम्ही काहीच नेलं नव्हतं. मला त्या दिवसाचा फक्त गार चहा आठवतो."

किनाऱ्यावर पोचले तेव्हा दहा वाजले होते. भरती नव्हती, माणसं तुरळक होती, पण वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येईना. मुलगी आणि बायको चादर अंथरायला गेल्या तर चादर शिडासारखी फुगून मुलीच्या तोंडावर आली. एका टोकावर चप्पल ठेवली, तर चादर चपलेसकट उडाली. बायको चादरीच्या मधोमध बसून ओरडली, "आता मी काय इथेच चिकटून राहू दिवसभर?"

चेनवाला आजूबाजूला दगड शोधत होता. दगड नव्हते. नुसती वाळू, नजर जाईल तिथवर वाळू. आणि वाळू कशात भरणार, असं मनात येताक्षणी तो मटकन खाली बसला आणि त्याने बॅग उघडली.

"मोजे!" तो म्हणाला. "अगं, मोजे!"

चार मोजे वाळूने भरून, गाठी मारून त्याने चार कोपऱ्यांवर ठेवले. चादर गप्प पडून राहिली. तो उभा राहून त्या मोज्यांकडे असा बघत होता, की मुलीने त्याचा तसाच फोटो काढला. बायकोने एक मोजा उचलून वजन पाहिलं आणि परत जागेवर ठेवला.

जेवायला उकडलेली अंडी, ब्रेड आणि केळी होती. अंडी सोलून झाल्यावर लक्षात आलं की मीठ राहिलं.

"आता काय करायचं?" बायको चेनवाल्याकडे बघत म्हणाली.

"समोर एवढं पडलंय की," अक्का म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसली.

मग ती उठली. तिला पाण्यात पाय बुडवायचे होते. काठी वाळूत रुतायला लागली तशी तिने ती मुलीच्या हातात दिली आणि एका बाजूने भावाचा, दुसऱ्या बाजूने भावजयीचा दंड धरला. तिघं रमतगमत पाण्यापर्यंत गेले. पहिली लाट घोट्यापर्यंत आली. गार होती. चेनवाल्याला त्यात विशेष वाटलं नाही, पाणी गार असणारच. पण लाट परत निघाली तशी त्याच्या टाचांखालची वाळू सरकली. जणू कोणीतरी पायाखालचं जाजम हळूच ओढत होतं.

"अक्का, तुलाही होतंय का हे?"

"काय?"

"खालून वाळू जातेय."

"हो रे! सगळ्यांचीच जाते." पायांकडे बघत ती म्हणाली, "मी विसरलेच होते हे. कशी विसरले?"

त्याने पुन्हा लाट येऊ दिली, पुन्हा जाऊ दिली. एकदा डावी टाच उचलून पाहिली, एकदा उजवी. मग टाचा रोवून, मग बोटांवर उभा राहून. इतक्या बॅगा झटकल्या, पण ही गोष्ट त्यातल्या एकाही बॅगेने त्याला सांगितली नव्हती. बायको म्हणाली, "चला, त्यांचा गुडघा दुखेल," तर अक्काच तिच्यावर डाफरली, "गुडघा माझा आहे. थांब जरा."

चादरीकडे परत आल्यावर अक्काच्या पायांवर वाळूचा थर होता. टॉवेलने पुसून निघेना, आणि बूट घातल्याशिवाय तिला गाडीपर्यंत चालायला मनाई होती. शेजारच्या चटईवर वाचत पडलेल्या एका बाईंनी पुस्तकावरून मान वर केली. त्यांना बॅगेतून डोकावणारा डबा दिसला असावा.

"पावडर आणलीय ना तुम्ही? मग लावा की पायांना. वाळू आपोआप सुटेल."

चेनवाल्याने डबा काढला, अक्काच्या पायांवर पावडर भुरभुरली आणि हाताने पुसली. वाळू सरसर गळून पडली.

"असं होय!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की त्या बाई दचकल्या. मग त्याला राहवेना. "अहो, आणि मेणबत्ती कशाला आणतात?"

"मेणबत्ती? मी तरी कधी आणली नाही."

निघायची वेळ झाली. सामान भरून झालं आणि मुलीने चेन ओढली. अर्ध्यावर अडकली. तिने जोर लावला तशी दातांत वाळू करकरली. चेनवाला पुढे झाला, रनर पुढेमागे करून पाहिला, फुंकर मारली.

"ह्याला आता थोडं मेण फासायला..." म्हणता म्हणता तो थांबला.

तिघी त्याच्याकडे बघत होत्या. बायकोने बॅगेत हात घालून थोटूक काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. दुकानात मशीनशेजारी मेणाचा गोळा असायचा, दिवसातून वीस वेळा तो चेनीवर फिरवायचा. आणि लोकही समुद्रावर त्यासाठीच मेणबत्ती नेत असतील, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"एकतीस वर्षं," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली आणि हसायला लागली. मग अक्का, मग मुलगी. तोही हसला, पण चेनीवर मेण नीट घासून, ती टोकापर्यंत लागल्यावर.

त्या वर्षात ते आणखी तीनदा गेले, तिन्ही वेळा बुधवारीच. दुकानाच्या दारावर त्याने पुठ्ठ्याची पाटी लावली: बुधवारी चौकशी करू नये. दुसऱ्या खेपेला बायकोने लाँड्रीतल्या तिच्या मैत्रिणीलाही बरोबर घेतलं. तिसऱ्या खेपेला अक्का काठी गाडीतच ठेवून उतरली आणि गुडघाभर पाण्यात गेली. तिला बाहेर काढायला चेनवाला आणि बायको दोघांनाही आत जावं लागलं. तिघंही कमरेपर्यंत भिजले आणि नेमके त्याच दिवशी कपड्यांचे जादा जोड घरी राहिले होते.