चालेल आणि पळेल

जुनी पिकअप घ्यायची झाली की लोक आधी मिस्त्रीला गाठत. तो यायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा, पाठीवर सरकत खाली जाऊन चासीचं लोखंड नखानं टोकरायचा, लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचा आणि मग एकच शब्द बोलायचा. गाडी चांगली असेल तर "पळेल". खोट आहे, पण अगदीच टाकाऊ नाही, तर "चालेल". बस्स. त्यापुढे त्याच्याकडून काही काढणं म्हणजे गंजलेला नट सोडवणं. मुरलेली गिऱ्हाइकं "चालेल" ऐकलं की भाव पाडायला लागत, नाहीतर सरळ काढता पाय घेत.

धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त घरच्यांना. घरच्यांना असलं कोण समजावत बसतं!

तर भाऊजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कारखाना बंद पडला आणि हा भला माणूस घरी बसला. रोज तोच गळका नळ खोलायचा, तोच परत बसवायचा. ताईला ते बघवेना. शेवटी भाऊजींनीच मनावर घेतलं, की स्वतःची पिकअप घ्यायची आणि दुकानांचा माल पोचवायचा. नवी परवडणारी नव्हती. एका वखारीबाहेर एक निळी पिकअप विकायला असल्याचं कळलं, आणि तिघं मिळून बघायला गेले.

मिस्त्रीचा पहिला हात नेहमी बॉनेटवर जायचा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होताना किती रडते, कुठल्या रंगाचा धूर ओकते, यावरून तिचं सगळं दुखणं कळतं. म्हणून लबाड मालक काय करतो, गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतो. मिस्त्रीनं हात ठेवला. बॉनेट चांगलंच गरम होतं.

आता बोलायचं, म्हणून त्यानं मान वर केली. भाऊजी केव्हाच आत जाऊन बसले होते. आरसा वळवून बघत होते, उगाच हॉर्न वाजवत होते. आणि ताई, कित्येक महिन्यांत जिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं ती ताई, तोंडावर हात धरून हसत होती.

"काय रे, कशी वाटते?" तिनं विचारलं.

"चालेल," मिस्त्री म्हणाला.

बारीकसारीक काही निघालंच तर आपण आहोत की, घरचाच मिस्त्री, असं त्यानं मनाशी म्हटलं. त्यांचा आनंद आत्ता कशाला मोडायचा! आणि भाऊजी खिडकीतून ओरडले, "ऐकलंस ना? चालेल म्हणतोय!" मालकानं सांगितलेली किंमत त्यांनी घासाघीस न करता मोजली.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. मग क्लच गेला. एका सकाळी मिस्त्रीनं ऑइल बघायची कांडी ओढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे इंजिनाचं हेड गॅस्केट फाटून पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. अर्धं इंजिन खोलावं लागलं. ते मार्गी लागतंय तोवर चासीवरचा निळा रंग पोपडे धरून सुटला, आणि खाली लोखंड कमी, भोकं बुजवायला भरलेली लांबीच जास्त. मजुरी मिस्त्री घ्यायचा नाही, पण स्पेअर पार्टना नातं कुठलं कळायला? पार्टवाला दुकानदार भाऊजींना पाहिलं की स्टूल पुढे करायला लागला. गाडीनं दिवसा कमावलेलं संध्याकाळी त्याच्याच गल्ल्यात जायचं. ताईनं शिलाईची कामं घरी आणायला सुरुवात केली.

भाऊजींनी एकदा तरी शिव्या द्याव्यात! छे! ते लोकांना उलट सांगत, "मिस्त्रीनं बघून दिलेली गाडी आहे. तो नसता तर कुठल्या खटाऱ्यात अडकलो असतो कुणास ठाऊक." गाडीखाली आडव्या पडलेल्या मिस्त्रीला हे ऐकू यायचं. वर यायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

अखेर भाऊजींनी हात टेकले, गाडी विकायला काढली. रोपं विकणारं एक जोडपं बघायला आलं. बाई म्हणाली, "मिस्त्रींचं नाव ऐकून आलोय. ते सांगतील तसं." ताई दारात उभी होती, गळ्यात मोजायची टेप. बिचारीला फक्त या गाडीतून सुटायचं होतं.

मिस्त्रीनं सवयीनं बॉनेटवर हात ठेवला. गरम.

त्यानं भाऊजींकडे पाहिलं. त्या सकाळी गाडी कुठेही गेलेली नव्हती. भाऊजी खाली मातीत बघत होते. वाण्यानं चुकून जास्त दिलेली चिल्लर परत करायला उन्हातून माघारी जाणारा हा माणूस!

"चालेल का हो, मिस्त्री?" बाईनं विचारलं.

"इंजिन तापवून ठेवलंय," तो म्हणाला. "गार झाल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. उद्या येतो म्हणाले. असं म्हणून गेलेली माणसं येत नसतात, तशी तीही आली नाहीत.

ती गेल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, "गाडी दुरुस्त करताना तूच सांगितलंस ना, विकणारे इंजिन आधीच तापवून ठेवतात, मग खोट कळत नाही... म्हणून मी आज..." ते थांबले. त्यांच्या मनात काहीतरी आलं. "आपण घेतली, त्या दिवशी कसं होतं रे?"

आता खोटं बोलणं मिस्त्रीला शक्य नव्हतं. "गरम होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. चालेल म्हणालो."

"अरे!" ताईचा आवाज चिरकला. "जेवायला वाढू का विचारलं तरी तू चालेलच म्हणतोस! आम्हाला रे काय कळणार?"

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. चूक त्याचीच होती, आणि ती भाषेची नव्हती. त्या दिवशी ताईचं हसू घालवायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि तो त्या अर्धवट शब्दाआड लपला होता.

पिकअप भंगारात गेली. भाऊजी एका गोदामावर राखणीला लागले. बोलणं बंद नाही, रुसवा नाही, तो घरी गेला की "ये रे" म्हणतात. तेच त्याला सोसत नाही.

परवा तो ताईकडे गेला तर दाराशी एक जुनी स्कूटर उभी. "कामावर जायला घेतली," ताई म्हणाली, "कोपऱ्यावरच्या त्या दुसऱ्या मेकॅनिकला दाखवून," आणि चहा टाकायला आत गेली. भाऊजी पेपर वाचत बसले होते.

मिस्त्रीनं इंजिनाला हात लावला. गार होतं. त्यानं एक किक मारली. स्कूटर लगेच चालू झाली, धूर नाही, खडखड नाही. त्यानं कान देऊन नीट ऐकलं आणि बंद केली.

"पळेल," तो म्हणाला.

त्याला कुणी विचारलं नव्हतं. भाऊजींनी पेपरचं पान उलटलं.