समुद्र गोठेपर्यंत

ऐंशीच्या दशकातल्या एका नोव्हेंबरात कोराडीच्या बाई आमच्या वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर आल्या. कॅनडात हडसनचा उपसागर अजून गोठला नव्हता.

बाई धरमपेठेतल्या आमच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. नवरा कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात. सकाळच्या बसने येत, पदरावरची राख दारातच झटकत आणि मग फोनवर बसत. पलीकडचा माणूस नुसता खाकरला तरी त्याचं नाव सांगत. संपादकांसाठी उतावीळ झालेल्या पुढाऱ्यांना त्यांचं एकच उत्तर असे, "साहेब मीटिंगमध्ये हायेत." साहेब त्या वेळी बहुधा विड्याचं पान लावत असत.

बाईंची एकुलती मुलगी लता नागपुरात नर्स झाली आणि कॅनडात गेली. उपसागराच्या काठावरच्या एका लहान गावातल्या इस्पितळात तिला काम मिळालं. तिथे हिवाळ्याच्या तोंडावर पांढरी अस्वलं किनाऱ्यावर समुद्र गोठण्याची वाट पाहत थांबतात. बर्फ धरला की सील नावाचे समुद्रातले प्राणी मारायला त्यावरून निघून जातात. तोवर उपाशी असतात आणि गावात शिरतात. लोक मोटारींना कुलूप लावत नाहीत. रस्त्यात अस्वल समोर आलं तर कुणालाही आत घुसता यावं. बाईंकडून ऐकून ऐकून हे सगळं आम्हाला पाठ झालं होतं.

मायलेकींचं ठरलेलं होतं. समुद्र गोठला, अस्वलं गेली, की लताने कचेरीत फोन करायचा. वर्षातून एकदाच, परदेशी कॉल परवडत नसे. सुरुवातीची वर्षं हा फोन दिवाळीचा फराळ संपायच्या आत येई. पुढे उशीर होऊ लागला. बर्फ पहिल्यासारखा राहिला नाही, असं तिथले म्हातारे म्हणतात, हे लताने आईला सांगितलं होतं. आमच्या लेखी ती बातमी नव्हती. हवामानाबद्दल वृत्तसंस्थेच्या तारेवर काही आलंच, तर ते परदेशच्या पानाच्या तळाशी जाई.

फोनची वाट पाहण्याच्या दिवसांत बाई कमी बोलत. एकदा आमचा गुन्हेवार्ताहर म्हणाला, "बाई, अस्वलानं लताले पसंत केलेलं दिसते."

"करू दे. तुह्यापेक्षा बरा जावई भेटन. आपलं पोट तं भरते." मग थोड्या वेळाने, कुणी न विचारता, म्हणाल्या, "भुकेलं जनावर हाय गा. बरफच नाही तं ते जाईन कुठी?"

निवृत्तीच्या वर्षी दिवाळी होऊन गेली, फोन आला नाही. घरी फोन नव्हता. बाईंनी मुदतवाढ मागितली. किती दिवसांची, असं व्यवस्थापकांनी विचारलं.

"ते मी कशी सांगू साहेब? समुद्राले विचारा."

मुदतवाढ मिळाली नाही. नवी ऑपरेटर रुजू झाली होती. बाई तिच्या शेजारी स्टूल टाकून बिनपगारी बसू लागल्या. कुणी हरकत घेतली नाही.

फोन डिसेंबर लागल्यावर, सकाळी आला. नव्या मुलीने आपल्या कानावरचा हेडफोन काढून बाईंच्या कानाला लावला.

"गेले का? सारे गेले?" बाईंनी विचारलं. मग आवाज खाली आला. "तू कवा येतं वं?"

पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं. बाई "हो" म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा "हो" म्हणाल्या. दुपारच्या बसने त्या कोराडीला गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात बाई वारल्या. लताला तार केली होती. तिला येता आलं नाही.

त्या वर्षीही डिसेंबरात फोन आला. ऑपरेटरने तो माझ्याकडे दिला. बाईंविषयी मी काही बोलू लागलो, तर लताने मध्येच थांबवलं.

"आई नाही, मले माहीत हाय भाऊ. बरफ जमला. तेवढंच सांगाचं होतं."

फोन तिनेच ठेवला.