स्टुलावरचा चौकोन

चुळबुळला लेन्स हवी होती, आणि हातात तीनच दिवस होते, सोमवार ते बुधवार. गुरुवारी सकाळी मास्तरांचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की गळ्यातली गाठ निघेल, पण आवाजही तिच्यासोबत जाईल. जीव वाचतोय ना, मग झालं, असं म्हणून मास्तरांच्या सुनेने विषय संपवला. चुळबुळचा विषय तिथूनच सुरू झाला. चाळीस वर्षं या माणसाने जगाचे फोटो काढले, आणि त्याचा स्वतःचा एक धड व्हिडिओ कुणाकडे नव्हता.

चुळबुळ हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. नववीत शाळेला रामराम ठोकून ती त्यांच्या पासपोर्ट फोटोच्या दुकानात शिरली, तेव्हा तिचा एक पाय कायम हलत असायचा. फोटोला स्थिर माणूस लागतो, तू तर नुसती चुळबुळ आहेस, असं म्हणाले, आणि ठेवून घेतलं. घरच्यांनी हात टेकले होते, शाळेने हात झटकले होते, यांनी हातात कॅमेरा दिला. तेव्हापासून मास्तरांबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की ही त्याच्या अंगावर जायची. एकदा तर गिऱ्हाइकाच्या अंगावर गेली. त्या दिवशी मास्तरांनी तिला दोन तास बाहेर पायरीवर बसवलं होतं. मास्तर त्यांना सगळेच म्हणायचे, शिकवलं मात्र त्यांनी हिला एकटीला.

दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं. आता मास्तर मुलाच्या घरी, मागच्या खोलीत. दहा बाय आठ, एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला नाक लावून. भर दुपारी तिथे दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. आणि दिवा लावू का विचारलं तर नाही म्हणायचे.

“चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत उजेड मारला. आता माझ्या डोळ्यांत नको.”

चुळबुळच्या कॅमेऱ्यावरची झूम लेन्स अंधारात निव्वळ आंधळी. त्या खोलीत मास्तरांच्या जागी वाळूचे दाणे हलताना दिसायचे. वर फोकस करताना तिची मोटर किरकिरायची आणि ती किरकिर रेकॉर्डिंगमध्ये घुसायची. ज्याचा आवाज धरून ठेवायचा त्याच्याच आवाजावर मोटर? ते तिला चालणार नव्हतं.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती जुन्या कॅमेऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या दारात उभी. झूम नको, एकाच मापाची हवी, पण तोंड मोठं उघडणारी, निदान एक पॉइंट आठ. स्वस्त. आणि फोकस करताना हूं की चूं न करणारी.

“स्वस्त, चांगली आणि शांत?” व्यापारी म्हणाला. “असा मला जावईसुद्धा मिळाला नाही.”

पण माणूस कामाचा होता. नवी पन्नास मिलिमीटरची सगळ्यात स्वस्त होती, पण चुळबुळच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, त्यावर पन्नासची फारच जवळ जाते. त्या खोलीत पाठ भिंतीला टेकवली तरी नुसतं तोंड येणार, आणि मास्तर निम्मं हातांनी बोलतात. एक पॉइंट चारची तिने किंमत ऐकून परत ठेवली. एक जुनी होती, हाताने फोकस करायची, काच अशी की बघत राहावं. पण चुळबुळ एकटी, प्रश्न विचारणार की रिंग फिरवणार? शेवटी खालच्या खणातून पस्तीसची निघाली, वापरलेली, एक पॉइंट आठ. चुळबुळने टॉर्च मारून काचेत बुरशी आहे का पाहिलं. आतल्या पात्यांवर तेल नव्हतं. कानाशी धरून फोकस केला, काही ऐकू आलं नाही. रस्त्यावर जाऊन चार माणसांच्या तोंडावर लावून पाहिली, लेन्स डोळ्यावर जाऊन गप बसली. झूम तिथेच दिली, वरचे पैसे दिले, आणि धावत सुटली.

मास्तरांच्या खोलीत खुर्चीशेजारी दुकानातलं लोखंडी स्टूल होतं, गरगर फिरवलं की वर-खाली होणारं, रेक्झिन फाटलेलं. दुकान मोडताना त्यांनी तेवढं एकच आणलं. सून त्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग ठेवायची. चौकट साफ दिसावी म्हणून चुळबुळने तो ढीग उचलून पलंगावर टाकला आणि स्टूल होतं तिथेच राहू दिलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा, चेहरा ओळखणारा पांढरा चौकोन मास्तरांच्या डोळ्यावर बसला. मग ती स्क्रीन सोडून त्यांच्याकडे बघत प्रश्न विचारत राहिली. चाळीस मिनिटं. मास्तर हो म्हणाले, नाही म्हणाले, असेल म्हणाले. कॅमेऱ्याच्या मागे वाघ असलेला माणूस पुढे बसल्यावर शेळी झाला होता.

घरी येऊन बघते तर पहिली चार मिनिटं ठीक, आणि मग मास्तर हळूहळू विरघळत गेलेले. फोकस स्टुलावर. म्हणजे अगदी स्टुलावरही नाही, त्याच्या वरच्या हवेत. रेक्झिनच्या फाटक्या कडेचे दोरे तेवढे बरे दिसत होते.

तिने लेन्सला शिव्या घातल्या, मग स्वतःला. एक पॉइंट आठवर माणूस दोन बोटं मागे टेकला तरी फोकसमधून जातो, हे शेंबडं पोरही सांगेल, आणि ही स्क्रीनकडे न बघता गप्पा मारत होती.

मंगळवारी तिने स्क्रीनवरून नजर हलवली नाही. चौकोन मास्तरांच्या डोळ्यावर होता. मग तो उठला आणि स्टुलावर जाऊन बसला.

मागे कोरी भिंत. ना कॅलेंडर, ना खिळा, ना डाग. तरी तिने भिंतीवर चादर लावली. चौकोन परत आला, बसलेल्या माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर. पाच-सहा सेकंद थांबला आणि गेला. दुसरा आला तो बराच खाली, लहान मूल बसवल्यासारखा. तोही गेला. तिसरा वर. एकेक करून, घाई न करता. चुळबुळच्या लक्षात आलं की तिचा पाय हलायचा थांबलाय.

तिने मास्तरांना बोलावलं. ते उठून तिच्या मागे आले आणि कितीतरी वेळ स्क्रीन बघत राहिले. घाबरले नाहीत. नवीन आलेला चौकोन जरा जास्तच वर होता, आणि मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

“हनुवटी खाली. डोळे इकडे. श्वास सोडा.”

चौकोन बोटभर खाली सरकला आणि स्थिर झाला.

“झालं. पुढचे.”

तो गेला. दुसरा आला.

हाच तो आवाज. कालच्या चाळीस मिनिटांत एकदाही न आलेला, ठणठणीत, जरा दटावणारा, जरा लाडाचा. चुळबुळच्या अंगावर काटा आला, आणि तो चौकोनामुळे की आवाजामुळे हे तिला कळेना. मग तिचं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं, जिथे लाल टिंब असायला हवं. तिथे नव्हतं. रेकॉर्डचं बटणच दाबलेलं नव्हतं.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. दोघं रिकाम्या स्टुलाकडे टक लावून बसलेले बघून म्हणाली की बरं आहे, रिकामटेकड्यांना रिकामं स्टूल. पलंगावरचे कपडे उचलून तिने परत स्टुलावर रचले. त्यानंतर चौकोन मास्तरांवरून हलला नाही, आणि मास्तरही हो-नाहीच्या पुढे गेले नाहीत.

बुधवारी मास्तरांचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. डॉक्टरांनी बोलूच नका सांगितलं होतं. चुळबुळने चेहरा ओळखणं बंद केलं, ऑटोफोकस बंद केला. मास्तरांच्या खुर्चीचे पाय जमिनीवर चिकटपट्टीने आखले, फोकस हाताने लावला, आणि लेन्सचं तोंड दोन पॉइंट आठवर आणून फोकसला थोडी खोली मिळवली, म्हणजे मान हलली तरी माणूस सुटू नये. लाल टिंब तीनदा पाहिलं. स्टूल मोकळं केलं.

काय बोलू, मास्तर म्हणाले. कॅमेऱ्याशी कसं बोलायचं मला येत नाही, असं म्हणताना त्यांचा निम्मा शब्द हवेत विरला.

आज गेलं की गेलं. ती उठून स्टुलापाशी गेली. त्यांना बोलायला समोर गिऱ्हाईक लागतं, एवढं तिला कळलं होतं. पण ते स्टूल रिकामं आहे असं धरून बसणं तिला जमेना.

“जरा बसू का इथे?” तिने विचारलं. मास्तरांना नाही.

मास्तर स्टुलाकडे बघत थांबले, आणि मग तिला मानेने हो म्हणाले.

ती बसली. बसच्या सीटवरून कुणी नुकतंच उठावं तसं रेक्झिन गरम होतं.

मास्तर तिच्याकडे बघत होते, मग तिच्या खांद्यावरून मागे, मग परत तिच्याकडे. आणि त्यांनी सुरुवात केली. हनुवटी खाली. हसायचं नाही, फोटो सरकारी आहे. कुठल्या गिऱ्हाइकाने नवऱ्याशी भांडून तसाच रडका फोटो काढून घेतला आणि दहा वर्षं तो ओळखपत्रावर मिरवला. कोण दुसऱ्याचा कोट मागून घालायचा, आणि मग एकाच कोटातली तीस माणसं कशी सरकारदरबारी गेली. ही शेंबडी पोर पहिल्या दिवशी आली तेव्हा कॅमेरा कसा उलटा धरला होता. हात उडत होते, आवाज फाटत होता आणि तरी तोच होता. मध्येच ते तिच्या डोक्यावरून मागे बघून म्हणायचे,

“जरा थांबा. सगळ्यांचे होतील.”

चुळबुळने मान वळवली नाही. मानेच्या मागे कुणीतरी जवळ उभं असल्यासारखं वाटत होतं, रांगेत लोक उभे राहतात तेवढं जवळ. तिने बावीस मिनिटं पाय हलवला नाही.

शेवटी मास्तरांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. ओठ ‘पुढचे’ असे हलले. ती लगेच उठली. तिच्या मागे स्टुलाची किरकिर थांबायला जरा वेळच लागला.

ऑपरेशन नीट झालं. दहाव्या दिवशी मास्तर घरी आले, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. चुळबुळ लॅपटॉप घेऊन गेली. भुवईचा केस न् केस दिसत होता, आवाजावर कसलीही किरकिर नव्हती. मास्तरांनी पट्टीवर हात ठेवून सगळं ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, ‘परत.’

तिने परत लावायच्या आधी ते उठले. सुनेचे कपडे त्यांनी स्वतः उचलून पलंगावर ठेवले, आणि लॅपटॉप स्टुलाच्या बाजूला तोंड करून वळवला.

चुळबुळने बटण दाबलं. मास्तर बोलायला लागले, तसं खोलीतलं काहीतरी शांत झालं, म्हणजे आधी ते शांत नव्हतं हे तिला तेव्हा कळलं. ती पावलांचा आवाज न करता बाहेर आली आणि दार लोटून जिन्यात उभी राहिली. खोली दहा बाय आठची. गर्दीत एक माणूस कमी झालेलं बरं.