छातीवरची पट्टी

अंतराळवीरांच्या छातीवर चिकटवायची पट्टी आम्ही भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात बनवत होतो. हे सांगितलं की लोक हसायचे, पण खरंच बनवत होतो. हृदयाचे ठोके, श्वास, अंगातला ताप, सगळं ती मोजायची आणि लांब बसलेल्या माणसाला लॅपटॉपवर दिसायचं. तो लांब बसलेला माणूस म्हणजे मी.

वर अंतराळात आंघोळ नसते. म्हणून चाचणीतही दहा दिवस पट्टी काढायची नाही, अंगावर पाणी घ्यायचं नाही. तयार झाल्या त्या आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या, पाली कोळीवाड्यातल्या मावशी. चाचणीपुरतं त्यांनी घरीच राहायचं होतं. घरी म्हणजे उन्हात बसून मासळी साफ करायची.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. "बाय, लय खाजतंय. काढू का?"

माझ्यासमोरचे आकडे उत्तम होते. "थोडं सहन करा ना मावशी. इथे सगळं छान दिसतंय."

"तुला छान दिसतंय गं, मला न्हाय."

मी हसले होते.

आठव्या दिवशी त्या गाळ्यात आल्या तेव्हा दारातूनच वास आला. घाम, मासळी आणि त्याखाली काहीतरी नासल्यासारखं. पट्टीच्या कडेने पिवळा पू येत होता. मी पट्टी उचलली, तर तिच्याबरोबर कातडीही सोलून आली. मी तोंड फिरवलं, ते त्यांनी पाहिलं.

"धुवून येऊ का?" त्यांनी ओशाळून विचारलं.

तेवढ्यात गाळ्याचे मालक, आमचे सर, नाकाला रुमाल लावून आले. लॅपटॉप बघून म्हणाले, "डेटा एकदम क्लीन आलाय! रिपोर्टमध्ये 'किरकोळ लालसरपणा' लिही."

मावशी समोरच बसल्या होत्या.

मग मला त्या वासाचं काही वाटेना. किळस आली ती त्या रुमालाची, आणि आकडे बघून तीन दिवस खूश राहिलेल्या स्वतःची.

मावशींना रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. जखम भरायला दीड महिना गेला. रिपोर्टमध्ये मी पू, वास, सोललेली कातडी, सगळं लिहिलं. सरांनी ते पान काढून टाकलं. मी ते पान फोटोसकट पट्टी मागवणाऱ्या अंतराळ संस्थेतल्या लोकांना परस्पर पाठवलं आणि नोकरी सोडली.

त्यांचं उत्तर आलं. गोंद बदलायला सांगितला होता, माझे आभार मानले होते. मावशींची चौकशी कुठेच नव्हती.