भावोजींची बादली

तापणाऱ्या वस्तूंची खरी कणव जगात कुणाला असेल, तर ती माझ्या धाकट्या दिरांना. माणसांची दुःखं त्यांना जरा उशिरा कळतात. पण उन्हात तापलेलं लोखंडी फाटक चौकटीला घासायला लागलं, की त्यांच्या जिवाची घालमेल होते. अणुवीजकेंद्रातले पाइप तापल्यावर त्यांच्यावर किती ताण येईल, याचा हिशोब मांडण्यात त्यांची तीस वर्षं गेली. "वहिनी, तापलेली वस्तू लांबणारच. तिचा काय दोष? दोष तिला हलायला जागा न ठेवणाऱ्याचा," हे मी इतक्यांदा ऐकलंय, की पंगतीत शेजारच्या बाईंचं कोपर लागलं तरी मला आधी तेच आठवतं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटला सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा भावोजींनी प्लंबरला अर्धा दिवस छळलं. गच्चीवरून येणारा गरम पाण्याचा पाइप सरळ नको, मध्ये एक वळण हवं, म्हणजे तो तापून लांबला तर तिथे सामावेल. प्लंबरही पेठेतलाच. "काका, पर्वतीला प्रदक्षिणा घालून आणू का?" असं त्यानं विचारलं. भावोजी गंभीरपणे म्हणाले, "नको. दोन हात पुरेत." वळण झालंच, आणि पाहुणे अजून विचारतात की भिंतीवर हे काय आहे.

पण त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे न्हाणीघर. तुम्हीआम्ही कढत पाण्यात विसण घालतो, हात फिरवून ढवळतो आणि आंघोळ उरकतो. भावोजी बादलीत आधी गार पाणी घेत, त्यावर हलकेच कढत सोडत आणि बुधवार पेठेतून आणलेले दोन तापमापक वर-खाली धरून बसत. ढवळायचं नाव नाही. बाहेर आमच्या ह्यांची ऑफिसची वेळ टळत चाललेली. "अरे, एक तर आंघोळ कर, नाहीतर संशोधन!" असा आरडाओरडा आमच्या घरी रोजचा होता.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांच्या टेबलावर एका आडव्या पाइपचा आराखडा आला. संगणकानं तो सुरक्षित ठरवला होता, तरुण मंडळींनी सह्या केल्या होत्या, राहिली होती फक्त भावोजींची. ती ते करीनात. संगणकात पाइप सगळीकडून सारखा तापतो असं धरलं होतं. भावोजी म्हणत, सुरुवातीला पाणी सावकाश येतं. तेव्हा गरम पाणी वर तरंगेल, गार तळाशी राहील. पाइपची पाठ लांबेल, पोट लांबणार नाही, आणि तो मधोमध उचलला जाऊन, पाइप फुटलाच तर उसळू नये म्हणून वर बसवलेल्या लोखंडी पट्ट्याला भिडेल. पट्टा हलणार नाही, मग सगळा ताण टोकाच्या जोडावर. साहेब म्हणाले, "एका पट्ट्यासाठी आपण सगळं काम अडवताय. उद्या सही नसेल, तर हे दुसऱ्याकडे देईन." म्हणजे तीस वर्षांची शेवटची ओळख काय, तर हेकट म्हातारा. त्या दिवशी भावोजी जेवले नाहीत. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

"आम्हाला रोज दाखवता ना?" मी म्हटलं. "मग बादली न्या, आणि त्यांनाही दाखवा."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी आमची निळी बादली आणि कढत पाण्याचे दोन थर्मास रिक्षातून ऑफिसला गेले. मीटिंगमध्ये भावोजींनी गार पाण्यावर हलकेच कढत सोडलं आणि साहेबांना बाही वर करायची विनंती केली. साहेबांनी हात घातला. बोटं गारठली आणि मनगटाला चटका बसला.

"साहेब, हाच आपला पाइप," भावोजी म्हणाले. "संगणकानं विसण ढवळून घेतलंय."

मग केंद्रावर चाचणीच्या वेळी पट्टा तात्पुरता काढला, पाइपच्या पाठीवर आणि पोटावर तापमापक लावले. पाइप मधोमध उचलला गेला, भावोजींनी कागदावर लिहिलं होतं जवळजवळ तेवढाच! साहेबांनी स्वतः फोन केला. "आपलंच बरोबर निघालं. अभिनंदन!" भावोजींनी विचारलं, "पट्टा किती वर घेताय?" पेढे मात्र मी वाटले, खालपासून वरपर्यंत सगळ्या बिल्डिंगला, आणि प्रत्येक दारात सगळी हकिगत सांगून. इतका अभिमान मला स्वतःच्या पदवीचाही वाटला नव्हता.

पट्टा बोटभर वर गेला. निवृत्तीनंतर भावोजी विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर राहायला गेले. सामान टेम्पोत चढत असताना म्हणाले, "वहिनी, केंद्र सुरू झालं. आता त्या पाइपच्या खोलीत किरणोत्सर्गामुळे कुणी जायचं नाही. ती फट कुणाला दिसायची नाही."

"दिसायला कशाला हवी? आहे ना?" मी म्हटलं. ते हसले, पण डोळे पुसायला चष्मा काढावाच लागला.

आता आमचं न्हाणीघर वेळेवर रिकामं होतं. मला ते मुळीच आवडत नाही. परवा मीच बादलीत आधी गार पाणी घेतलं, वर हलकेच कढत सोडलं आणि हात आत घालून बसले. बोटांना गार, मनगटाला ऊन. ह्यांनी बाहेरून दार वाजवलं, "अगं, किती वेळ?"

"जरा थांबा," मी म्हटलं.