दोनशेनं भागलेला स्वयंपाक

आपण घास तोंडात घातला की तो आपल्या गळ्याकडे बघायचा. डोळ्यांकडे नाही, चेहऱ्याकडे नाही, थेट गळ्याकडे. घास खाली उतरेपर्यंत त्याची नजर हलायची नाही, आणि उतरला की खिन्नपणे म्हणायचा, "अडकला, काकू."

"काही अडकलं नाही. गेला की खाली," मी म्हणायची.

"तोंड खोटं बोलते काकू. गळा नाही बोलत. आमचे बाबा म्हणतात."

कोणी असं टक लावून बघत असताना उपम्याचा घास गिळायची वेळ तुमच्यावर आली नसेल, तर तुम्ही सुखी आहात. मी सव्वा वर्ष गिळले. त्यातले काही खरंच अडकले होते.

हडपसरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तो भाड्यानं राहायचा. मूळचा यवतमाळकडचा, वय पंचवीस-सव्वीस. एका आयटी कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायचं काम करायचा. चुका शोधण्याचा पगार मिळतो हे ऐकून मला हळहळ वाटली. मी नारायण पेठेत वाढलेली. आमच्या आळीत हे काम सगळेजण जन्मभर फुकट करत आले.

ओळख झाली ती वाट्यांवरून. एका रविवारी सकाळी तो दारात उभा राहिला. हातात तीन आकारांच्या तीन वाट्या.

"काकू, एक वाटी रवा म्हणजे यातली कोणती?"

"कुठलीही. फक्त पाणी त्याच वाटीनं मोजायचं."

"म्हणजे फिक्स काहीच नाही?"

"नाही."

"आणि मीठ चवीपुरतं लिहिलंय. कोणाच्या चवीपुरतं?"

हा प्रश्न मला चौतीस वर्षांच्या संसारात पडला नव्हता. मी त्याला आत बोलावलं. चुकलं ते तिथंच.

पुढे कळलं की याचे वडील आचारी. लग्नाची पंगत असो की तेरावं, गावोगावी जाऊन मोठाले स्वयंपाक करायचे. पण पोराला त्यांनी चुलीजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं. धुरात यायचं नाही, अभ्यास करायचा. पोरानं तो इतका मन लावून केला की नोकरी लागली तेव्हा त्याला कच्चं अंडं आणि उकडलेलं अंडं बाहेरून ओळखता येत नव्हतं.

"मग वडिलांनाच विचार की फोन करून," मी सुटकेचा मार्ग शोधत म्हणाले.

"विचारलं न काकू. ते म्हणतात, एका माणसाचं मला सांगता येत नाही. दोनशेचं सांगतो, तू भाग दे."

आणि यानं खरोखर भाग दिला. वडिलांना तोंडपाठ होत्या त्या वाण्याकडे द्यायच्या याद्या. दोनशे माणसांना इतके किलो पोहे, इतकं तेल, इतक्या मिरच्या. यानं त्या सगळ्या लॅपटॉपवर उतरवल्या आणि शेजारच्या रकान्यात दोनशेनं भागून ठेवल्या. पोह्यांत त्याच्या वाट्याला तीन दशांश मिरची आली. ती तो पट्टीनं मोजून कापायचा. उरलेल्या सात दशांश मिरच्यांची फ्रीजमध्ये एक स्वतंत्र डबी होती.

तरी मी हसले नव्हते. हसले ते भाताच्या दिवशी. दुपारी झाकलेलं पातेलं घेऊन आला आणि "घ्या न काकू, पहिला भात" म्हणून त्यानं झाकण काढलं. आमचे हे पुढे वाकले. यांचा स्वभाव गोड. शेजाऱ्याच्या हातचं काहीही खाऊन "उत्तम" म्हणतात. त्या दिवशी मात्र त्यांनी एक दाणा उचलला, दातांखाली धरला आणि परत काढला.

"हे तांदूळ आहेत," हे म्हणाले.

"भात आहे न काका."

"नाही रे बाबा. तांदूळ. कोमट पाण्यातले."

"किती वेळ शिजवलास?" मी विचारलं.

"अठरा सेकंद."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. झाली नव्हती. बाबांचा दोनशे माणसांचा भात म्हणे तासाभरात होतो. एका तासाचे छत्तीसशे सेकंद, भागिले दोनशे. "सगळ्यालेच भाग दिला न काकू," तो म्हणाला. "गॅस पेटवायला लागतात ते सेकंद मी धरले नाहीत हां. ते वेगळे." मी हसून हसून पलंगावर बसले. हे पाणी आणायला गेले ते स्वयंपाकघरातच हसत राहिले. तो मात्र गंभीरपणे आमच्याकडे बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या फ्रीजवर एक चिठ्ठी लागली, "वेळेला भागायचं नाही."

तर अशी ही विद्या. हळूहळू त्याला उपमा जमला, साबुदाण्याचा गोळा होईनासा झाला. साखरेवरून आमची भांडणं व्हायची. मी आमटीत गूळ घातला की तो कान धरायचा. "गोड आमटी? आमच्याकडे गुन्हा दाखल होते काकू." मग मी त्याच्या भाजीचा घास घ्यायची, नाकाडोळ्यांतून पाणी काढायची आणि विचारायची, "आणि तुमच्याकडे हा गुन्हा नाही?"

मार्केट यार्डाचं प्रकरण सोसायटीत अजून निघतं. ताजा माल हवा तर मोठ्या बाजारात जावं, असं वडिलांनी फोनवर सांगितलं. हा रविवारी सकाळी मोटारसायकलवरून मार्केट यार्डात गेला आणि कोथिंबिरीची एक जुडी मागितली. तिथं कोथिंबीर शेकड्यानं विकतात. व्यापाऱ्यानं त्याला नीट खालपासून वरपर्यंत पाहिलं. हमाल हसले. आता नुसतं परत फिरणं बरं दिसणार नाही, म्हणून यानं पन्नास जुड्या घेतल्या. तो परत आला तेव्हा वॉचमनला आधी कोथिंबीर दिसली आणि मग तो दिसला.

पुढचे पाच दिवस आमच्या इमारतीनं कोथिंबीर वडी खाल्ली. पहिल्या वड्या उकडताना विरघळल्या. दुसऱ्यांत त्यानं बेसन इतकं घातलं की यांची दाढ हलली. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर पाहिलं आणि त्या जिन्यानं गेल्या. चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या दारावर पाटी लागली, "कोथिंबीर वडी स्वीकारली जाणार नाही. बेल वाजवून खात्री करू नये." पाचव्या दिवशी वडी जमली. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. मी सावकाश खाल्ली. तो गळ्याकडे बघत होता.

"खाता येतेय," मी म्हणाले.

आमच्या पेठेत याच्या वर शब्द नाही. एव्हाना हे त्यालाही कळलं होतं. तो उडी मारून ओरडला आणि उरलेल्या वड्या घेऊन तळमजल्यावर गेला. मुख्याध्यापकांनी पाटीकडे बोट दाखवलं, आणि मग एक घेतली.

एका संध्याकाळी तो रिकाम्या हातानं आला. असं कधी झालं नव्हतं, म्हणून मी घाबरले.

"बाबा येऊन राहिले काकू. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथंच करायचं ठरलं. पंधरा दिवस राहतील. डॉक्टर म्हणतात, चुलीजवळ जायचं नाही, धूर नाही."

"मग काय झालं? डबा लाव. गल्लीगल्लीत डबे मिळतात."

तो खाली बघत म्हणाला, "काकू, आचारी शेवटी जेवतो. दोनशे पानं उठली की उभ्यानं, जे उरलं ते, थंड. आई होती तोवर घरी ती वाढायची. मी सातवीत असताना ती गेली. तेव्हापासून बाबांना कोणी बसवून गरम वाढलं नाही. म्हणून तर शिकून राहिलो मी एवढं. डबा नाही लावायचा मला."

मी जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसले. समोरचा कशासाठी आलाय, हे मला नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं. सव्वा वर्ष मी त्या पोराला हसत होते आणि तो कशासाठी मिरच्या मोजत होता ते मला ठाऊकच नव्हतं. मला गलबलून आलं. ते दिसू नये म्हणून मी म्हणाले, "बस. कागद घे. बेत ठरवू."

बेत साधा ठरला. वरण, भात, बटाट्याची भाजी, शिरा. पोळ्या माझ्याकडून. काही गोष्टी माणसाच्या आवाक्याबाहेर असतात आणि त्या वेळेवर ओळखाव्यात. पुढचे दहा दिवस यांनी दोन्ही वेळा बटाट्याची भाजी खाल्ली आणि एकदाही तक्रार केली नाही. संसारात माणूस कुठे कामी येईल सांगता येत नाही.

वडील आले. मी धिप्पाड माणूस धरून चालले होते. निघाले चणीनं लहान, शांत, हातांवर जुन्या चटक्यांचे डाग. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा दोघांनाही जेवायला बोलावणं आलं.

गेलो तर गृहस्थ काळा चष्मा लावून बाहेरच्या खोलीत उभे. नाक स्वयंपाकघराकडे. "मोहरी जळाली," ते आम्हाला म्हणाले. आमच्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. ताटं मांडली तरी ते बसेनात. सारखे वाढायला उठत. एकदा भाताचं पातेलं, एकदा पाण्याचा तांब्या. पोरगा "बसा न बाबा, बसा न" करून रडकुंडीला आला.

"बसताय, की डॉक्टरांना फोन लावू?" मी खिडकीतला आवाज काढला. ते बसले.

मग ते जेवू लागले आणि एकेक चूक बाहेर येऊ लागली. "वरणात हिंग काहून एवढा? बटाटा एक कच्चा, एक गाळ. सारखे कापत जाय न बे. भाताले पाणी जास्त झालं." पोरगा पळी हातात धरून उभा, नजर बापाच्या गळ्यावर, चेहरा उतरलेला. मला त्या माणसाचा असा राग आला की भात गिळवेना. हे म्हणाले, "उत्तम झालंय." कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटी शिरा आला. वडिलांनी एक घास घेतला. थांबले.

"रवा किती वेळ भाजला?"

"सतरा मिनिटं."

"वीस पायजे होता," ते म्हणाले, आणि ताट पुढे केलं. "वाढ."

त्यानं वाढला. ते खाऊन त्यांनी पुन्हा ताट पुढे केलं. मग हात धुतले आणि "पाठ टेकतो जराशी" म्हणून आत गेले.

"नापास, काकू," तो कुजबुजला.

"अरे गाढवा, ताट बघ," मी म्हणाले. ताटात कढीपत्त्याचं एक पान उरलं होतं. बाकी बोटांनी पुसून लख्ख. पण त्याच्या डोक्यात हिंग आणि मोहरीच फिरत होती. आम्ही त्याला समजावून थकलो आणि घरी येऊन आडवे झालो.

दुपारी दोन ते चार आमच्याकडे कोणी येत नाही. यायची हिंमत करत नाही. तीनच्या सुमाराला दारावर नखानं खरवडल्यासारखा आवाज आला. उघडलं तर हा अनवाणी उभा, हातात कुकर.

"काकू," त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता, "बाबा झोपले."

"मग? आम्हीही झोपलो होतो."

"दुपारी झोपले, काकू. आचारी दुपारी झोपत नाही. संध्याकाळच्या पंगतीचे कांदे चिरायचे असतात. काम नसलं तरी सवयीनं बसून राहतात. मी आजपर्यंत त्यांना दुपारी झोपलेलं पाहिलं नाही. जेवले आणि झोपले, घोरून राहिले." मग त्यानं कुकर जरा वर केला. "संध्याकाळची खिचडी लावायची होती. शिटी झाली तर उठतील. तुमच्याकडे लावू?"

दुपारची झोप म्हणजे काय, हे पुणेकराला कोणी समजावून सांगावं लागत नाही. मी त्याला आत घेतलं. हे उठले. आम्ही स्वयंपाकघराचं दार लावलं, खिडकी लावली, यांनी दाराच्या फटीत पंचा खोचला. त्या बंद खोलीत आम्ही तिघं घामाघूम होऊन कुकरकडे बघत उभे राहिलो. शिटी झाली की तो बाहेर पळायचा, समोरच्या दाराला कान लावायचा आणि परत येऊन बोटांनी खूण करायचा, झोपलेत. तीन शिट्या, तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीहून तो आला तेव्हा तोंडावर हात दाबून हसत होता आणि डोळे पुसत होता.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. वडील बरे होऊन गावी गेले, आणि त्याला बंगळुरूची नोकरी लागली. समोर आता एक जोडपं राहतं. त्यांच्याकडे जेवण बाहेरून येतं आणि ते आमच्याकडे काही मागत नाहीत. त्याची आठवण निघाली की मला मात्र तीच दुपार दिसते. गरम कुकर माझ्या चांगल्या नॅपकिनात धरून तो चवड्यांवर चालत गेला, पायानं दार हळूच लोटलं आणि आत नाहीसा झाला. हे मागून गेले आणि ते दार त्यांनी आवाज न होऊ देता ओढून घेतलं. पलीकडून घोरणं ऐकू येत होतं, संथ, एका लयीत. चार वाजले, साडेचार वाजले. चहाची वेळ टळून गेली, पण पातेलं वाजेल म्हणून आम्ही दोघं हातावर हात ठेवून तसेच बसून राहिलो.