नळावरचा हात

विद्यापीठाच्या सभागृहात मुलांची अभिरूप राष्ट्रपरिषद भरली होती आणि मी परीक्षक म्हणून पुढे बसलो होतो. विषय नदीच्या पाण्याचा. चिठ्ठ्या टाकून देश वाटलेले. माझ्याच वर्गातल्या सुमेधला नदीच्या वरच्या अंगाचा, धरणवाला देश मिळाला होता. खालच्या देशाची मुलगी पाणी मागत होती, पण टाळ्या त्यालाच पडल्या. "आम्हांला त्यांच्याविषयी अपार सहानुभूती आहे," तो म्हणाला, "पण आत्ता पाणी सोडणं व्यवहार्य नाही."

मला ते खटकलं. याच्या गावाला उन्हाळाभर टँकर येतो. मधल्या सुट्टीत मी विचारलंच, "काय रे, बोलताना घर आठवलं नाही?"

"सर, घर आठवलं तर देशाची बाजू कशी मांडणार?"

उत्तर चोख होतं. चोख उत्तरांचा मला हल्ली संशयच येतो. नाटकातला राजा निदान मुकुट उतरवून चहा प्यायला जातो. ही मुलं गळ्यातली देशाच्या नावाची पाटी काढतच नाहीत. ती ढब अंगात मुरायला कितीसा वेळ लागतो?

सुमेध कूलरपाशी बाटली भरायला गेला. ती खालच्या देशाची मुलगी रिकामी बाटली घेऊन त्याच्यामागे उभी राहिली. त्याची बाटली भरली, त्याने नळ बंद केला, पण हात काही नळावरून काढला नाही.

"विनंती लेखी द्या," तो म्हणाला.

दोघंही हसली. आधी तो हसला. मग, पाणी हवं होतं म्हणून, ती.